कामट्यांचा आकाशकंदील घरी कसा करायचा

१९५०-६० च्या दशकात वाड्यात आणि चाळीत कंदील विकत आणायची रीत फारशी नव्हती. दुकानातून यायचे ते पतंगी कागदाचे ताव. बाकी सगळं घरातलंच. सहामाही परीक्षा संपली की मुलं कामाला लागत. थोरला बांबू चिरून कामट्या काढी, मधली मुलं चौकोन बांधत, आजी कागद चिकटवायची खळ शिजवी आणि कात्री ज्याच्या हाताला स्थिर तो कागद कापी. या कामाची वाटणी अशी आहे की घरातलं कोणीच रिकामं राहत नाही. मुलांना जुन्या दिवाळीबद्दल सांगण्यापेक्षा ही वाटणी एकदा त्यांच्या हातात द्यावी. त्यासाठी लागणारी मापं आणि क्रम इथे देत आहोत.

हा कंदील म्हणजे सहा सारखे चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधून केलेला सांगाडा. चौकोन जोडले की त्यांच्यामध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, ते वेगळे बांधावे लागत नाहीत. मापं इंचांत धरा. त्या काळी घरोघरी फूटपट्टी इंचांचीच असे आणि या कंदिलाचे आकडे इंचांतच सोपे बसतात. बारा इंची चौकोनाचा कर्ण सतरा इंच, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. फूटपट्टी नसेल तर मोठ्या माणसाची एक वीत आणि चार बोटं म्हणजे साधारण १२ इंच.

बांबू दसऱ्याच्या सुमाराला आणा. ओला बांबू छान फुटतो, पण वाळताना आकसतो आणि बांधलेल्या गाठी सैल पडतात. म्हणून कामट्या आधी काढायच्या, आठ-दहा दिवस सावलीत वाळवायच्या आणि मगच बांधायच्या. बुरुडाकडून घेणार असाल तर लांब पेराचा, म्हणजे दोन गाठींमध्ये जास्त अंतर असलेला तुकडा मागा. पेर १३ इंचांपेक्षा लांब असेल तर कामटीत गाठ येत नाही. गाठ आली की कामटी तिथे एक तर वाकडी फुटते, नाहीतर ताण पडल्यावर मोडते.

कामट्या २४ हव्यात, प्रत्येकी १३ इंच लांब. शिवाय १८ इंचांच्या दोन आणि मोडतोडीसाठी चार जादा. जाडी अंदाजे ३ मिलिमीटर, रुंदी ५ ते ६ मिलिमीटर. हिरवी पाठ ठेवा, आतला पांढरा गर कोयत्याने किंवा सुरीने तासून टाका. ताकद पाठीत असते आणि कीड लागते ती गराला. कामटीला काचपेपर फिरवल्याशिवाय ती मुलांच्या हातात देऊ नका. बांबूची कूस बोटात गेली की काढायला जड जाते. कोयता अर्थात मोठ्यांनीच धरायचा.

सांगाडा

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलीने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १२ इंच यायला हवं. खुणेवर सुरीने अगदी बारीक खाच घ्या, म्हणजे दोरा घसरत नाही. दोरा सुती आणि जाड असावा, गोधडी शिवायचा असतो तसा. नायलॉनचा दोरा गुळगुळीत कामटीवर सरकतो आणि सुतळीने कोपरा इतका फुगतो की कागद त्यावर नीट बसत नाही.

दोन कामट्या समांतर ठेवा, त्यांवर दोन आडव्या, खुणेवर खूण. कोपऱ्यावर दोऱ्याचे फुलीसारखे तीन-तीन वेढे घ्या. मग दोरा दोन कामट्यांच्या मधल्या फटीतून फिरवून दोन वेढे करकचून आवळा आणि गाठ मारा. हे मधले वेढे बहुतेक जण विसरतात, आणि कोपरा डुगडुगतो तो त्यामुळेच. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १७ इंच भरले तर चौकोन सरळ आहे; एक साडेसोळा आणि एक साडेसतरा आला तर हाताने दाबून सारखा करा. असे सहा चौकोन करायचे.

आता जुळणी. चार चौकोन जमिनीवर एका ओळीत मांडा, पण टोकावर उभे असल्यासारखे, शंकरपाळ्याच्या आकारात. शेजारशेजारचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. मग पहिला आणि चौथा जवळ आणून त्यांचेही कोपरे बांधा. चार टोकं वर आणि चार खाली असलेलं कडं तयार होईल. पाचवा चौकोन आडवा धरून वरच्या चार टोकांवर ठेवा, त्याचा एकेक कोपरा एकेका टोकाला बांधा. सांगाडा उलटा करून सहावा चौकोन तसाच. एकूण बारा सांधे होतात. इथे दोघं हवेत, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने बांधायचं. एकट्याने करायला गेलं तर कडं हातातून निसटत राहतं.

बांधून झाल्यावर सांगाडा लटपटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्रिकोण कलत नाही, चौकोन मात्र दाबला की कलतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. वरच्या आणि खालच्या चौकोनात १८ इंचांची एकेक कामटी कर्णावर बांधा. बाजूचे चार चौकोन ताठ धरायचं काम कागद करतो. म्हणून कागद लावताना आधी चौकोन, मग त्रिकोण, हा क्रम मोडू नका. शेवटी कोपऱ्यांतून बाहेर आलेली कामट्यांची टोकं पाव इंच ठेवून छाटा.

खळ

तयार पांढऱ्या गोंदानेही कागद चिकटतो, पण आमचं मत खळीच्याच बाजूने आहे. खळ पाण्याने सुटते. पुढच्या वर्षी कागद भिजवला की सांगाडा स्वच्छ निघतो; गोंदाचा कागद खरवडताना कामट्याच सोलल्या जातात. एकच सांगाडा माळ्यावरून दरवर्षी उतरायचा, तो या खळीच्या जोरावर.

अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवा. दोन वाट्या पाणी उकळा, त्यात चिमूटभर तुरटीची पूड टाका आणि कालवलेला मैदा धार धरून ओता. आच मंद ठेवून तीन-चार मिनिटं सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली आणि डावाला चिकटून राहू लागली की उतरवा. गार होताना वर साय धरते, ती काढून टाका किंवा खळ फडक्यातून गाळून घ्या. झुरळांसाठी पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, लहान मुलं हात घालणार असतील तर घालूच नका. खळ त्याच दिवशी वापरा, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ती आंबते.

कागद

२० बाय ३० इंचांचे पाच ताव पुरतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहतो, म्हणून बाजूच्या चार चौकोनांसाठी दोन ताव: प्रत्येकातून १३ बाय १३ इंचांचे दोन तुकडे. त्रिकोणासाठी तीन ताव: एका तावात पावणेचौदा इंच बाजूचे तीन त्रिकोण उलटसुलट बसतात, लागतात एकूण आठ. यात दुमडायला अर्धा इंच धरलेला आहे. कापून उरलेल्या पट्ट्या फेकू नका, झिरमिळ्या त्यांच्याच होतात.

रंग निवडताना रात्रीचा विचार करा. पिवळा, पांढरा, गुलाबी यांतून उजेड बाहेर येतो. गडद निळा आणि हिरवा मंद दिव्यात काळपट दिसतो. चौकोन फिके, त्रिकोण गडद ठेवले तर आकार उठून दिसतो.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची, आणि तीही पातळ. पतंगी कागदावर ओली खळ पसरली की रंग सुटतो आणि कागद बोटाला चिकटून फाटतो. कागदाचे कोपरे तिरके कापा, कामटीवर ठेवा, समोरासमोरच्या बाजू आधी दुमडून आत चिकटवा, मग उरलेल्या. ताणून लावू नका. वाळताना कागद थोडा आक्रसतो आणि ताणलेला असेल तर मधोमध फाटतो. एक चौकोन लावला की त्याचा कर्ण पुन्हा मोजून घ्या, कारण कागद ज्या आकारात वाळेल त्याच आकारात सांगाडा बसेल. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा: वरून ऊब बाहेर जाते, खालून दारात उजेड पडतो.

सोनेरी बेगडाची नक्षी वाळलेल्या चौकोनाच्या मधोमध लावा. बेगडातून उजेड येत नाही, रात्री त्याची सावलीच दिसते. त्यामुळे बारीक कोरीव कामापेक्षा मोठी, ठसठशीत फुलं कापा.

चौकोनांच्या तावातून उरलेल्या पट्ट्यांचे १२ इंच लांबीचे चार तुकडे घ्या, प्रत्येकाला पाव पाव इंचावर कात्रीने काप द्या, वरचा एक इंच तसाच ठेवा. या झिरमिळ्या खालच्या चौकोनाच्या चार बाजूंना. त्रिकोणांच्या तावातल्या ८ इंच रुंद पट्ट्या उभ्या अर्ध्या केल्या की ३० इंचांच्या शेपट्या मिळतात. त्या कंदिलाच्या मधल्या चार सांध्यांना लावा.

टांगणं

वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधून दीड फुटावर एकत्र गाठ मारा. एक दोरा अर्धा इंच जरी आखूड झाला तरी कंदील कलतो. आणखी एक दोरा खालच्या कोपऱ्यातून कठड्याला सैल बांधला तर वाऱ्यात तो गरगर फिरत नाही. उंच काठीवर चढवायचा असेल तर टोकाला कप्पी लावा, म्हणजे रोज उतरवता येतो.

पूर्वी आत पणती किंवा काचेची चिमणी ठेवत आणि कोणीतरी लक्ष ठेवून असे. आता ५ ते ७ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब लावा, वरच्या कर्णकामटीला वायर बांधून ८ इंच खाली, म्हणजे तो बरोबर मध्यावर येतो. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब आणि उघडी ज्योत कागदाच्या कंदिलात नको. पावसाचं चिन्ह दिसलं की घरात घ्या. दिवाळीत सर येऊन जाते, विशेषतः कोकणात.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवा. ओल्या फडक्याने कागद भिजवून पाच मिनिटांनी सोला, कामट्यांवरची खळ पूर्ण धुवा, कारण उंदीर आणि झुरळं येतात ती तिच्या वासाने. दोन दिवस उन्हात वाळवून, सैल झालेले सांधे नव्या दोऱ्याने आवळून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून सांगाडा जुन्या धोतरात किंवा चादरीत बांधून माळ्यावर ठेवा.