जळणाची टेस्ट करायची आहे? ढिगापासून रिपोर्टपर्यंत काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी टेस्ट कशासाठी करताय ते ठरवा आणि कागदावर लिहा. काजू फॅक्टरीच्या बॉयलरला टरफल जाळायचंय, आंब्याच्या कॅनिंगसाठी लाकूडफाटा विकत घ्यायचाय, की सोडणाच्या (नारळाच्या बाहेरच्या सालीच्या) आणि पातेऱ्याच्या (सुक्या पालापाचोळ्याच्या) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या विटा, करून विकायच्यात, प्रत्येकाला वेगळे आकडे लागतात. विकत घेणाऱ्याला ओलावा आणि एनसीव्ही (पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता वजा करून कामाला उरणारी उष्णता) पाहिजे, बॉयलरवाल्याला त्याच्या जोडीला राख, क्लोरीन आणि राख कुठल्या तापमानाला वितळते ते पाहिजे, गॅसिफायर (जळणापासून जळाऊ वायू करणारं यंत्र) असेल तर व्होलाटाइल (तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग) आणि फिक्स्ड कार्बन (तो उडाल्यावर राख सोडून उरणारा कोळसा). "सगळ्या टेस्ट करा" असं लॅबला सांगितलं की बिल मोठं होतं आणि नेमका हवा तो आकडा कधीकधी राहूनच जातो. लॅबही आधी गाठून ठेवा. इंजिनिअरिंग कॉलेज असो, खासगी लॅब असो, फोन करून विचारा की तुम्ही कुठल्या स्टँडर्डने करता, कोळशाच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १३५० ने, की बायोमासच्या (लाकूड, टरफल अशा जैविक जळणाच्या) आयएसओ पद्धतीने. या दोन्हीत नमुना जाळून राख करायचं तापमान वेगळं आहे, त्यावर पुढे लिहितो.

दुसरं म्हणजे वेळ. आपल्याकडे कोकणात आगोटीत (पावसाच्या तोंडावर) जळण भरून ठेवतात आणि पाऊस लागला की तेच वापरतात, त्यामुळे मे महिन्यात घेतलेला नमुना जुलैतल्या जळणाबद्दल काही सांगत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत जाते, आणि अशा हवेत लाकूड कितीही दिवस मांगरात (शेतावरच्या खोपीत) ठेवलं तरी साधारण १७-२० टक्क्यांच्या खाली वाळत नाही, उलट मे महिन्यात खडखडीत वाळलेलं लाकूड परत ओलावा ओढून घेतं. म्हणून शक्य असेल तर एक नमुना पावसाआधी आणि एक भर पावसात घ्या. एकदाच परवडत असेल तर ज्या महिन्यात सगळ्यात जास्त जळण लागतं त्या महिन्यातला घ्या.

आता ढीग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण माझं ठाम मत आहे की आकडा चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. लॅबमधलं मशीन चौथ्या दशांशापर्यंत वजन करतं पण त्यात शेवटी जातो एक ग्रॅम, आणि तो एक ग्रॅम तुमच्या दहा टनांच्या ढिगासारखा असला पाहिजे, भात शिजला का बघायला शित चेपतात ते चालतं कारण आधी कुणीतरी भात नीट ढवळलेला असतो. ढिगाच्या वरचं टरफल उन्हाने वाळलेलं असतं, तळाचं जमिनीतला ओलावा ओढून काळं पडलेलं असतं, बारीक भुकटी खाली घसरलेली असते आणि राख बहुतेक त्या भुकटीत जास्त असते. तेव्हा न्यायच्या गोष्टी म्हणजे फावडं, एक स्वच्छ कोरडी ताडपत्री, दोन घमेली, मार्कर पेन आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या. ढिगाच्या दहा-पंधरा जागांवरून, वरून, मधून, तळातून, प्रत्येक ठिकाणी वरचा थर बाजूला करून हातभर आतलं एकेक फावडं घ्या, टेम्पो रिकामा होत असेल तर अजून चांगलं, माल पडता पडता ठरावीक वेळाने घेत राहा. सगळं ताडपत्रीवर टाका, नीट मिसळा, त्याचा शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका, असं करत करत चार-पाच किलोवर आणा. काढून टाकताना खालची भुकटीही त्या त्या भागाबरोबर झाडून काढा, हे लोक विसरतात.

लाकडाचे ओंडके असतील तर फावड्याचा उपयोग नाही. वेगवेगळे ओंडके निवडा, जाडे, बारीक, सालीसकट, आकेशिया, किंजळ, ऐन, आंब्याची छाटणी जे काय मिक्स येतं त्याच प्रमाणात, आणि ओलाव्यासाठी ओंडक्याच्या मधून चकती कापा, टोकाची नको कारण टोक आधी वाळतं. करवतीचा भुसा राख आणि उष्मांकाला चालतो पण ओलाव्याला नाही, करवत तापते आणि भुसा तिथेच थोडा वाळतो.

मातीकडे लक्ष द्या. जांभ्याच्या जमिनीवरून ओढत आणलेल्या लाकडाच्या सालीत लाल माती बसते आणि ती राख म्हणून मोजली जाते. साल नसलेल्या स्वच्छ लाकडाची राख साधारण १ टक्क्याच्या आत असते, सालीसकट थोडी जास्त, पण लाकडाची राख ४-५ टक्के आली आणि मुशीत (नमुना जाळायच्या छोट्या भांड्यात) ती तांबूस दिसली तर बहुतेक माती आहे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या पाल्यात वाळू असते. नमुना धुऊ मात्र नका. बॉयलरमध्ये जे मातीसकट जातं ते मातीसकटच मोजायचं, फक्त रिपोर्टवर तसं लिहून ठेवायचं. धुतलं तर माती जाईलच पण पोटॅशियम आणि क्लोरीनही पाण्याबरोबर जाईल, आणि सोडणासारख्या मालात तेच तर बघायचं असतं, विशेषतः ते खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवलेलं असेल तर.

पिशव्या दोन करा. एक ओलाव्याची, एक बाकीच्या टेस्टची. ओलाव्याची पिशवी जागेवरच, उन्हात पाच मिनिटंही न ठेवता भरायची, हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बांधायचं, वर दुसरी पिशवी चढवायची आणि लगेच वजन करून लिहायचं. गोणी किंवा कापडी पिशवी अजिबात नको. लॅबला पोचेपर्यंत आत पाण्याचे थेंब जमले तर ते पुसून टाकू नका, ते नमुन्याचंच पाणी आहे, पिशवीसकट मोजायला सांगा. चिठ्ठी आत टाकू नका, ओली होते, बाहेर मार्करने लिहा: काय माल, कुठला ढीग, तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता का.

काजूच्या टरफलाची तयारी वेगळीच असते. वजनाच्या पाव भाग किंवा त्याहून जास्त तेल त्यात असतं, ते तेल कातडीला लागलं की फोड येतात हे इथे कुणाला सांगायला नको, तरी लॅबमधल्या पोरापोरींना ते माहीत असेलच असं नाही, म्हणून हातमोजे तुम्हीच पाठवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. कच्चं टरफल आहे, भाजून सोललेल्या बीचं आहे, की तेल काढून उरलेली पेंड आहे, हे न लिहिलेला रिपोर्ट मी तरी वाचत नाही, कारण या तिघांचे आकडे एकमेकांपासून बरेच लांब असतात. दळताना टरफल मिक्सरच्या पात्याला चिकटतं, तापलं की तेल सुटतं आणि लगदा होतो, तेव्हा आधी कात्रीने बारीक तुकडे, मग रात्रभर फ्रीजरमध्ये, मग थांबून थांबून थोडं थोडं दळायचं. ओव्हनमध्ये १०५ अंशाला ठेवल्यावर पाण्याबरोबर तेलातलं थोडं काहीतरी उडून जाऊ शकतं आणि ते ओलावा म्हणून मोजलं जातं, त्यामुळे शंका असेल तर टोल्युईनबरोबर उकळून निघालेलं पाणी मोजायची डीन-स्टार्क पद्धत लॅबकडे आहे का विचारा.

बाकीचा माल हवेत पसरून वाळवून १ मिलिमीटरच्या आत दळायचा. तूस (भाताचं टरफल) कठीण असतं, पाती झिजवतं, वेळ लागतो.

ओव्हनचं काम सोपं वाटतं पण आपल्या हवेत तिथे फसायला होतं. १०५ अंश, वजन स्थिर होईपर्यंत, पण २४ तासांपेक्षा जास्त नाही. बाहेर काढलं की झाकण लावून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात), कारण पूर्ण वाळलेली भुकटी मिनिटाभरात हवेतलं पाणी ओढते आणि काट्यावरचा आकडा डोळ्यादेखत चढत जातो. डेसिकेटरमधले सिलिका जेलचे निळे दाणे आदल्या दिवशी बघून ठेवा, जुलैत ते किती पटकन गुलाबी होतात ते बघितलेलं असेल तर हे सांगावं लागत नाही, गुलाबी झालेत तर ओव्हनमध्ये तापवून परत निळे करून घ्या. आणि लॅबने दळलेल्या नमुन्याचा ओलावा त्याच दिवशी परत मोजावा, ज्या दिवशी राख आणि उष्मांक काढतात त्याच दिवशी, नाहीतर कोरड्या बेसिसचं, म्हणजे पाणी वगळून धरलेल्या वजनाचं, गणित जुळत नाही.

राखेसाठी बायोमासला ५५० अंश, तेही हळूहळू, आधी २५० पर्यंत नेऊन तासभर थांबायचं, मग ५५० ला नेऊन किमान दोन तास. कोळशाच्या सवयीने ८१५ ला टाकलं तर पोटॅशियमची क्षारं उडतात, कार्बोनेट फुटतात आणि राख कमी दिसते. तुसाची राख १५ ते २० टक्के असते आणि ती बहुतेक सिलिका, त्यात कार्बन अडकून काळा राहतो, तर पातळ थर पसरायचा आणि काळं दिसलं तर अजून वेळ द्यायचा. व्होलाटाइल म्हणजे झाकणवाल्या मुशीत ९०० अंशाला बरोबर ७ मिनिटं, स्टॉपवॉच हातात. फिक्स्ड कार्बन मोजत नाहीत, १०० मधून बाकीचं वजा करतात, त्यामुळे आधीच्या सगळ्या चुका त्याच्यात येऊन बसतात, त्याच्याकडे त्या नजरेनेच बघा.

बॉम्ब कॅलरीमीटरला (ऑक्सिजन भरलेल्या बंद भांड्यात, म्हणजे बॉम्बमध्ये, नमुना जाळून उष्णता मोजायच्या यंत्राला) बसायच्या आधी बेन्झोइक अॅसिडच्या सर्टिफाइड गोळ्या आहेत का बघा. त्यांची उष्णता ग्रॅमला २६.४५ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ६,३१८ कॅलरी, ठरलेली असते आणि त्यावरूनच तुमच्या मशीनचा आकडा ठरतो, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारायला लाजू नका. ऑक्सिजन शुद्ध पाहिजे, इलेक्ट्रोलिसिसने बनवलेला नको कारण त्यात हायड्रोजन असू शकतो, प्रेशर ३० बारच्या आसपास. ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडाला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, यात तडजोड नाही. ओ-रिंग तडकलेली नाही ना बघा, फायर करताना बॉम्बवर वाकून उभं राहू नका. पंखा बंद, खोलीचं तापमान स्थिर, आणि वीज जायची सवय असलेल्या गावात इन्व्हर्टर चालू. नमुना गोळी दाबूनच टाकायचा, एक ग्रॅमच्या आतबाहेर, मोकळी भुकटी ऑक्सिजन भरताना उडते आणि अर्धी जळतच नाही. टरफल तेलकट असल्याने कमी घ्या, अर्धा-पाऊण ग्रॅम. तूस नीट पेटत नसेल तर वजन केलेलं बेन्झोइक अॅसिड मिसळा आणि त्याची उष्णता वजा करा. प्रत्येक रननंतर बॉम्ब उघडून बघायचाच, आत काजळी दिसली की तो रन रद्द. दोन रनमध्ये किलोला ३० किलोकॅलरीपेक्षा जास्त फरक आला तर तिसरा करायचा. बॉम्ब धुतलेलं पाणी फेकायला देऊ नका, त्यातूनच क्लोरीन आणि सल्फर काढता येतं.

आलेला आकडा पटतो का हे घरी बसून तपासता येतं. पारीख, चन्नीवाला आणि घोषाल यांचं २००५ चं सूत्र साधं आहे, कोरड्या बेसिसवर फिक्स्ड कार्बनच्या टक्क्याला ०.३५३६ ने गुणा, व्होलाटाइलच्या टक्क्याला ०.१५५९ ने, बेरीज करा, त्यातून राखेच्या टक्क्याचे ०.००७८ पट वजा करा, उत्तर किलोला मेगाज्यूलमध्ये. लाकूड धरा, व्होलाटाइल ८०, फिक्स्ड कार्बन १९, राख १, तर १९.२ च्या जवळ येतं, म्हणजे ४,५८० किलोकॅलरी, अगदी बरोबर लाकडासारखं. टरफलाला मात्र हे सूत्र कमी दाखवतं, त्याच्या व्होलाटाइलमध्ये तेल असतं आणि तेलाची उष्णता लाकडाच्या व्होलाटाइलपेक्षा खूप जास्त. कोळशासाठीचं ड्युलाँगचं सूत्र इथे वापरू नका, बायोमासमध्ये ऑक्सिजन भरपूर असल्याने ते चुकतं.

रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा बेसिस बघा. जीसीव्ही (बॉम्बमध्ये मोजलेली एकूण उष्णता) कोरड्या मालावर लिहिलंय की आला तसा, ओलावा ओल्या वजनावर की कोरड्या वजनावर. १०० किलो लाकडात ३० किलो पाणी असेल तर ओल्यावर ३० टक्के, कोरड्यावर ४३ टक्के, दोन्ही बरोबर, पण व्यवहारात गोंधळ. आणि कोरड्या जीसीव्हीवर कधीच भाव ठरवू नका. ४,६०० किलोकॅलरी जीसीव्हीचं, ६ टक्के हायड्रोजनचं लाकूड घ्या, हायड्रोजनपासून होणारं पाणी आणि आतला ओलावा दोन्हीची वाफ करायची उष्णता वजा केली की १२ टक्के ओलाव्याला बॉयलरच्या कामाची उष्णता ३,७०० राहते, ३० टक्क्यांना २,८२५ च्या आसपास. तेच झाड, तीच वखार, पण पावसात घेतलेल्या टनात जवळजवळ पाव भाग उष्णता कमी, आणि काट्यावर वजन मात्र पूर्ण. म्हणून वखारवाल्याशी बोलताना ओलाव्याची मर्यादा कागदावर घ्या, आणि त्यापेक्षा ओला माल आला तर भाव किती कमी होणार तेही आधीच लिहून घ्या.

उरलेला दळलेला नमुना लॅबकडून परत मागून घ्या. घट्ट झाकणाच्या बरणीत, वर नाव-तारीख लिहून, कोरड्या कपाटात सहा महिने ठेवा, बिलावरून किंवा क्लिंकरवरून (बॉयलरमध्ये राख वितळून जमलेल्या गठ्ठ्यांवरून) वाद झाला तर दुसऱ्या लॅबला पाठवायला तोच लागेल.