पावसाळी धिंगरी: हवा मोजायला कुठली चिप घ्याल?

मुंबईच्या पावसाळ्यात धिंगरीला, म्हणजे ऑयस्टर मशरूमला, ओलाव्याची ददात नसते. अडचण दुसरीच. पाऊस आत येतो म्हणून गाळ्याची नाहीतर पोटमाळ्याची खिडकी बंदच राहते आणि पिशव्यांत भरलेल्या काडावर (पेंढ्यावर) वाढणारी तिची बुरशी कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. पिशव्यांना अळिंबी फुटू लागली की खोलीतही तो १००० च्या आत ठेवावा, नाहीतर देठ लांबतात आणि छत्री बटणाएवढीच राहते. असा माल भाजीवाला हातात घेऊन परत ठेवतो.

हा वायू मोजायचे म्हणून लॅमिंग्टन रोडवर सेन्सर ढिगाने मिळतात, आणि फसायला होतं ते तिथेच. स्वस्तातला एमक्यू-१३५ घेऊ नका. त्यातला टिन ऑक्साइडचा तापता थर अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर अशा सगळ्यांनाच दाद देतो. दमटपणानेही त्याचा आकडा हलतो. सीसीएस८११ ही चिप ‘ईसीओटू’ (कार्बन डायऑक्साइडचा समतुल्य आकडा) दाखवते, पण ती कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. हवेतल्या इतर बाष्पांवरून बांधलेला तो अंदाज असतो. ओल्या काडाच्या खोलीत त्याचा काय उपयोग?

एमएच-झेड१९ किंवा एससीडी४० घ्या. पहिला कार्बन डायऑक्साइडने किती इन्फ्रारेड प्रकाश शोषला ते पाहतो. दुसरा त्याच शोषणामुळे वायूत उठणारा बारीक आवाज टिपतो.

आता खरी मेख. या दोन्हींत आकडा आपोआप दुरुस्त करण्याची सोय असते आणि ती बहुधा चालूच येते. सेन्सरला अधूनमधून ताजी हवा मिळते, असं ती गृहीत धरते आणि दिसलेल्या सर्वांत कमी आकड्याला ४०० मानते. बंद खोलीत खरे ९०० सुद्धा मग हळूहळू ४०० दिसू लागतात. स्क्रीनवर सगळं आलबेल, पिशवीवर नुसते देठ! ही सोय कमांड देऊन बंद करा. महिन्या-दीड महिन्याने उघडीप बघून सेन्सर गच्चीवर न्या, अर्धा तास चालू ठेवा आणि हाताने कॅलिब्रेट करा, म्हणजे बाहेरच्या हवेशी त्याचा आकडा जुळवून घ्या. तेव्हा त्यावर वाकून उभे राहू नका, तुमचा श्वासही मोजला जातो.

सेन्सर पिशव्यांच्या उंचीवर, पण फवाऱ्यापासून लांब टांगा. आत थेंब जमले की आकड्यावर विसंबता येत नाही. एक्झॉस्ट पंखा १००० ला चालू, ८०० ला बंद असा लावा. पंख्याने पिशव्या सुकतात, म्हणून तो थांबल्यावर हलकी फवारणी करा. काडात पांढरी बुरशी पसरत असताना मात्र पंख्याची घाई नको. त्या काळात जास्त कार्बन डायऑक्साइड तिला चालतो.