एचपीव्ही लशीबद्दल आयांशी कसं बोलावं

बैठक दुपारी, कामं उरकल्यावर घ्या. पंधरा-वीसजणी पुरेत, गर्दीत या विषयावर कुणी तोंड उघडत नाही. आधी भाषण नको. "या लशीबद्दल काय ऐकलंय?" असं विचारा आणि उत्तरं फळ्यावर लिहा.

सुरुवात कर्करोगापासून करा. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार असतात, हे आधी सांगा.

हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, त्यामुळे बहुतेक बैठका फिसकटतात त्या "आमची मुलगी तसली नाही" या वाक्यावर. इथे वाद घालू नका, चारित्र्याचा विषय बाजूला ठेवा. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या, एकाच जोडीदाराच्या बाईलाही तो होऊ शकतो. झालेला संसर्ग लस बरा करत नाही, म्हणून ती ९ ते १४ वयात, खूप आधी द्यायची. दुसरी भीती वंध्यत्वाची. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या आवरणासारखं प्रथिन असतं. वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळलेला नाही.

दंड दुखतो, थोडा ताप येतो, कधी भोवळ येते, म्हणून टोचल्यावर मुलीला १५ मिनिटं बसवून ठेवतात, हेही सांगा. लपवलंत तर पहिल्या तापालाच विश्वास उडतो.

बैठकीला सासू आणि वडिलांनाही बोलवा, निर्णय बऱ्याचदा त्यांच्याकडे असतो. डोस किती, हे आरोग्य केंद्रात विचारून तारीख लिहूनच द्या. तिशीपुढच्या आयांना त्यांच्या स्वतःच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची तारीखही त्याच चिठ्ठीवर द्या. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ती तपासणी लागतेच.