बाळाच्या गोधड्या शिवून विकायच्या तर

गावात गोधडी विकत घेणारं गिऱ्हाईक नसतं, हे आधीच धरून चालावं. ज्या घरात सासू नाहीतर आई गोधडी शिवते, ते घर तिच्यासाठी नऊशे रुपये कशाला मोजेल? गिऱ्हाईक नागपूर-अमरावतीला, पुण्याला आहे. फ्लॅटमध्ये राहणारं, घरात नुकतंच बाळ आलेलं किंवा बारशाला काय न्यावं हा प्रश्न पडलेलं. माप, कापड, किंमत, सगळं त्याच्याकडे बघून ठरवायचं आहे.

मोठ्या पलंगाच्या गोधडीने सुरुवात करू नका. ६० × ९० इंचाच्या गोधडीला बाळाच्या गोधडीच्या पाचपट कापड लागतं आणि टाकेही पाचपट. आठवडेच्या आठवडे पैसा अडकतो आणि कुरिअरचा खर्च ऐकून गिऱ्हाईक मागे सरतं. २८ × ३६ इंचाची गोधडी चार थरांची केली तरी साधारण ३०० ग्रॅम भरते, म्हणजे पॅकिंगसह अर्ध्या किलोच्या आत राहते. पहिले तीन महिने हे एकच माप ठेवा. रंग बदला, काठाची पट्टी बदला, माप मात्र तेच. त्यामुळे कापड कापताना चुका होत नाहीत आणि एका गोधडीला नेमका किती वेळ लागतो ते कळतं.

कापड

वरचा आणि खालचा थर नव्या सुती कापडाचा, मधले दोन थर जुन्या सुती साडीचे. चारही थर जुने ठेवले तर खर्च वाचतो, पण अनोळखी माणसाला तान्ह्या बाळासाठी दुसऱ्याची वापरलेली साडी थेट अंगाला लागलेली नको असते. आत जुनी साडी आहे हे लपवायचं नाही. ‘मधले थर उकळून धुतलेल्या जुन्या सुती साडीचे’ असं गोधडीसोबतच्या चिठ्ठीवर सरळ लिहा. गोधडी मऊ पडते ती याच थरांमुळे.

जुन्या साड्या भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बायांकडून मिळतात. घेताना साडी उजेडात धरून बघा. खालचा काठ, टाचेजवळचा भाग आणि निऱ्या खोचतात ती जागा विरलेली असते. तो भाग सोडून चांगला भाग किती उरतो त्यावर भाव करा. ‘सुती’ म्हणून दिलेल्या साडीत पुष्कळदा पॉलिस्टर असतं. काठाचा एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. तसं कापड घाम आणि ओल शोषत नाही, बाळाखाली ते नको.

साडी गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून भिजवा, १५ मिनिटं उकळा, दोनदा खळबळून कडक उन्हात वाळवा. नवं कापडही रात्रभर पाण्यात ठेवून धुवावंच लागतं. त्यातली खळ निघते आणि जे काही आटायचं ते आत्ताच आटतं. हे टाळलं तर गोधडी गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात आटते, तीही वरचा थर एका मापाने आणि आतला दुसऱ्या मापाने, आणि सगळीकडे चुण्या पडतात. खादी वापरायची असेल तर वर्ध्याला मगन संग्रहालयात ती बघून, हात लावून घेता येते. महाग पडते, आणि शिवण्याआधी ती दोनदा धुवावी.

रंग जातो का हे पाहायला पांढरं ओलं फडकं कापडावर दहा-बारा वेळा दाबून घासा. गडद लाल, काळा आणि निळा हे नेहमीचे दोषी. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या भरवशावर राहू नका. तीन धुण्यांनंतरही फडक्यावर डाग उमटत असेल तर ते कापड बाळाच्या गोधडीला बाद.

कापताना चारही थर ३१ × ३९ इंचाचे घ्या. टाके घालताना कापड आत ओढलं जातं, शिवाय शेवटी कडा छाटायच्या असतात. साडेपाच मीटरच्या साडीतून असे सहा तुकडे निघतात, म्हणजे एका साडीत तीन गोधड्यांचे मधले थर झाले. नवं कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर दोन थर आणि काठाची पट्टी धरून एका गोधडीला दोन मीटर पुरतं.

शिवण

सतरंजी किंवा स्वच्छ फरशीवर आधी खालचं कापड उलटं, चारही बाजूंनी ताणून चिकटपट्टीने बसवा. त्यावर साडीचे दोन थर, वर वरचं कापड. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत जा. मग चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके घाला, आधी मधून उभे आणि आडवे, नंतर कडेला. या अर्ध्या तासाचा कंटाळा केला की पाठीमागच्या कापडाला झोळ पडतो, तो शिवताना दिसत नाही आणि गोधडी उलटवल्यावर दिसतो. तोवर वीस ओळी झालेल्या असतात, आणि उसवण्यावाचून इलाज नसतो.

धावदोऱ्याच्या ओळी एक-एक इंचावर, लांबीच्या दिशेने. पहिली ओळ बरोबर मधोमध. मग एक उजवीकडे, एक डावीकडे, असं करत कडेला या. एकाच बाजूने सुरुवात केली तर कापडाचा सगळा फुगीर भाग दुसऱ्या काठाशी जमा होतो. टाका पाव इंचाहून मोठा नको, मोठ्या टाक्यात बाळाची बोटं अडकतात. दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साडीला तोच कापतो. दोऱ्याची लांबी खांद्यापासून बोटापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. गाठ वर ठेवायची नाही, झटका देऊन आतल्या थरात ओढून घ्यायची. बाळाची कातडी गाठीनेही खरचटते.

सगळ्या ओळी झाल्या की २८ × ३६ वर कडा छाटा. अडीच इंच रुंदीची पट्टी घडी घालून दुहेरी करा आणि कडेने लावा. चार बाजू मिळून १२८ इंच होतात, कोपरे आणि जोड धरून १३८ इंच पट्टी ठेवा. पट्टी ताणून लावली तर गोधडी वाटीसारखी वर वळते, सैल लावली तर काठाला लाटा येतात. कोपऱ्यात ती तिरपी दुमडून वेगळे टाके घाला, कारण गोधडी आधी तिथेच उसवते.

मणी, आरसे, बटणं, लोंबती लेस यातलं काही लावू नका. फोटोत ते छान दिसतं, पण बाळ सापडेल ते तोंडात घालतं. सुया आणि टाचण्या काम सुरू करताना मोजून घ्यायच्या आणि उठताना मोजून ठेवायच्या. तयार गोधडीवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती पिशवीत जाता कामा नये. आत राहिलेल्या एका सुईने धंदा तर बसेलच, त्याआधी कुणाच्या तरी बाळाला इजा होईल. गोधडी ‘खाली अंथरायला’ म्हणूनच विका आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवू नये असं चिठ्ठीत लिहा.

किंमत

घरच्या धंद्यात तोटा होतो तो बहुतेक इथेच, कारण हाताची मजुरी कोणी धरत नाही. कापड, आखणी आणि कच्चे टाके यांना दोन तास जातात. ३६ इंचाच्या २७ ओळी म्हणजे जवळपास हजार इंच धावदोरा. मिनिटाला चार इंच धरले तरी चार तासांहून थोडं जास्तच. पट्टी आणि तपासणीला आणखी दोन. असे एकूण आठ तास, म्हणजे एक पुरता रोज.

समजा कापड १०० रुपये मीटरने दोन मीटर, २०० रुपये. साडीचा वाटा २०, दोरा १५, पिशवी-चिठ्ठी-साबण २५. माल झाला २६० चा. तासाला ४५ रुपये मजुरी धरली तर ३६०. बेरीज ६२०. यावर दहा टक्के, म्हणजे साधारण ६०, बिघडलेल्या आणि न खपलेल्या मालासाठी ठेवा. ६८० च्या खाली विकणं म्हणजे फुकट राबणं. तुमच्या गावात वेचणीचा किंवा निंदणाचा रोज जो असेल तो ४५ च्या जागी तासावर आणून धरा आणि हिशेब पुन्हा मांडा.

विक्रीची किंमत ९५० ठेवावी. शहरातलं दुकान २५ टक्के घेतं तेव्हा हातात ७१० च्या आसपास येतात. घरून विकतानाही ९५०च. घरी ७०० आणि दुकानात ९५० हे दुकानदाराला कळलं की तो माल परत पाठवतो. नातेवाइकांना सूट द्यायचीच असेल तर आधीच आकडा ठरवून वहीत लिहा, नाहीतर पहिल्या सहा गोधड्या माहेर-सासरकडेच अर्ध्या किमतीत जातात, त्यातल्याही निम्म्या उधारीवर.

सुरुवातीला सहाच गोधड्या करा. माल १,५६० रुपयांचा, वर कात्री, टेप, लोहचुंबक, सुया मिळून पाच-सहाशे. यासाठी कर्ज काढायचं कारण नाही.

कामाचे महिने

मागणी वाढते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि नेमकं तेव्हा सोयाबीनची काढणी आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी अंगावर असते. त्या दिवसांत नवी ऑर्डर घेतली की तारीख चुकते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दुपारी बाहेर निघवत नाही, तेव्हाच साठा करा. रोज दोन तास, आठवड्यातले सहा दिवस म्हणजे आठवड्याला दीड गोधडी, दहा आठवड्यांत पंधरा. फिक्या कापडावर घामाचे हात डाग पाडतात, जवळ कोरडं फडकं ठेवा.

हा माल पावसाळा काढणार आहे. पुरता वाळलेला असेल तेव्हाच पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी चुलीच्या खोलीत नको. सुती कापड धूर पितं आणि तो वास धुऊनही पटकन जात नाही. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ तान्ह्या बाळांना बाधते. कडुनिंबाचा वाळला पाला फडक्यात बांधून पुरे. पंधरा दिवसांनी ऊन पडलं की पेटी उघडून ऊन द्या.

आजीच्या साडीची गोधडी

भांडवल न घालता चालणारं काम हे आहे, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त जपावं लागतं. गिऱ्हाईक आपल्या आजीची किंवा आईची साडी पाठवतं, तुम्ही तिची गोधडी करून देता. आपलं कापड फक्त पट्टीला आणि पाठीला लागतं. मात्र साडी कापली की ती परत जोडता येत नाही. पार्सल उघडतानाच फोटो काढा, विरलेला भाग दाखवा, कोणता भाग वर येईल ते लिहून विचारा. होकार आणि अर्धे पैसे आल्याशिवाय कात्री लावायची नाही. उरलेले तुकडे गोधडीसोबत परत करा, मागितले नसले तरी. रेशमी आणि सिंथेटिक साड्या सरळ नाकाराव्या.

विकणं

फोटो सकाळी ओसरीवर, थेट ऊन पडत नसेल अशा जागी. एक पूर्ण गोधडीचा, एक पाठीचा, एक कोपऱ्याचा जवळून, आणि एक टेप लावून. फोटोत रंग खुलवू नका, परत येणारा माल रंगावरूनच येतो. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये माप, वजन, किंमत आणि धुण्याची पद्धत लिहून ठेवली की तेच तेच प्रश्न थांबतात.

बचत गटात असाल तर ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रभागातल्या ताईंकडे प्रदर्शनांची चौकशी लवकर करा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला जायचं तर पन्नास तरी गोधड्या हाताशी हव्यात, त्या एकटीने होत नाहीत. गटात वाटून काम दिलंत तर एक पक्की नमुना-गोधडी समोर ठेवा, मजुरी नगावर ठरवा आणि पट्टीच्या आत प्रत्येकीचं अक्षर टाका. तक्रार आली की कोणाचा हात ते कळतं, आणि बोलणं त्या एकीशीच होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतात. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. राज्यातल्या राज्यात विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय विकता येतं, पण त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि माल राज्याबाहेर पाठवता येत नाही. परराज्यातून थेट ऑर्डर आली तर आधी तालुक्याच्या कर सल्लागाराला विचारा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच पार्सल बांधा. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असं म्हणणारा गिऱ्हाईक नसतो, फोन ठेवून द्यायचा. पार्सलला आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर जाड पिशवी, आणि पत्ता आतल्या चिठ्ठीवरही लिहिलेला, कारण पावसात वरची शाई पुसते.