१८६८ सालच्या सुनेच्या हाती पुस्तक द्यायचं, तर

माझ्या पहिल्या ऐतिहासिक कथेत नायिकेला मैत्रिणीचं पोस्टकार्ड आलं होतं. कथा १८६८च्या पुण्यातली. एका घरगुती वाचनात मागे बसलेल्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "बाई, कार्ड निघालं १८७९ला. हिला अकरा वर्षं आधीच कुणी धाडलं?" सगळे हसले, मीही हसले आणि घरी येऊन ते पान फाडलं. कथा सुधारली ती तिथून. पुस्तकं आणि मैत्रिणी यांच्या आधाराने धीट होत गेलेल्या जुन्या काळच्या बायकांवर कुणाला लिहायचं असेल, तर मी त्या फाडलेल्या पानापासूनच सांगायला लागते.

आधी साल पक्कं करा. 'एकोणिसाव्या शतकातली गोष्ट' म्हणून भागत नाही. १८४८मध्ये भिडेवाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेणमाती पडत होती. १८८४मध्ये, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो, ते मुलींचं हायस्कूल उघडलं. या छत्तीस वर्षांत वाचणाऱ्या बाईकडे बघण्याची नजर किती बदलली असेल! तुमची नायिका कुठल्या टोकाला उभी आहे, ते ठरलं की तिला भीती नेमकी कुणाची, तेही ठरतं.

मग विचारा, तिला वाचता येतं म्हणजे काय येतं? हा माझा लाडका प्रश्न. छापील पुस्तकं बालबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत; घरातले हिशेब नि पत्रव्यवहार मोडी लिपीत. नवऱ्याने रात्री चार अक्षरं शिकवलेली सून पोथी लावून वाचेल, पण सासऱ्यांच्या दप्तरातला मोडी कागद तिला मुंग्यांची रांगच वाटणार. हे कळल्यावर माझ्या कथेत नवं दार उघडलं. तिच्याबद्दलचा एक निर्णय मोडीत लिहून कोनाड्यात पडलाय, ती रोज तो कोनाडा झाडते आणि तिला तो वाचता येत नाही. आता मोडी येणारी मैत्रीण हवी. मैत्री अशी गरजेतून आली, मला ओढूनताणून आणावी लागली नाही.

उजेडाचंही तसंच. रात्री वाचते म्हणून लिहिणं सोपं आहे. समईत संध्याकाळी तेल किती होतं आणि सकाळी किती उरलं, हे घरातल्या थोरल्या बाईला न मोजता कळतं. त्यापेक्षा दुपार द्या. पुरुष कचेरीत, सासूबाई ओसरीवर लवंडलेल्या, आणि ही तांदूळ निवडताना सुपाआड पुस्तक ठेवून बसलेली. सुपाचा आवाज थांबला की सासूबाई जाग्या होणार. म्हणजे एका हाताने तांदूळ हलते ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पान उलटायचं. हे मी स्वतः करून पाहिलंय. ओळ हमखास हुकते.

दोघी भेटणार कुठे, तेही सोपं समजू नका. कीर्तन, हळदीकुंकू, मंगळागौर, पाण्याचा हौद. पुण्याच्या पेठांतल्या हौदांना पेशव्यांच्या काळापासून कात्रजहून पाणी येई, आणि पाण्याला जायला सुनेला परवानगी मागावी लागत नसे. पण इथे एक पथ्य पाळा. ब्राह्मण वाड्यातली सून आणि मांगवाड्यातली मुलगी हौदावर गळ्यात गळा घालून बसल्या, असं लिहून मोकळं होऊ नका. फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तोच मुळी १८६८मध्ये, आणि ती तेव्हा केवढी गोष्ट होती! पुस्तकामुळे आलेलं धैर्य वाड्यांपुरतंच होतं असंही मानू नका. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तो वाचा आणि मग आपली नायिका किती बोलते ते बघा.

बोलण्याबद्दल एवढंच: "मला माझं आयुष्य जगायचंय" हे वाक्य दिसलं की खोडा. ती नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही. "इकडून विचारणं झालं होतं" अशी बोलते. राग आला तर भांडं जरा जोरात ठेवते. खऱ्या माणसांना कथेत लांबूनच दाखवा. सावित्रीबाईंच्या तोंडी माझी वाक्यं घालायची मला तरी छाती होत नाही.

आणि धैर्य? ते शेवटच्या भाषणासाठी राखून ठेवू नका, व्यवहारात आणा. पोस्टकार्ड गेल्यावर मी टपालाचे दर शोधले. तेव्हा साधं पत्र अर्ध्या आण्यात जाई. तिकीट न लावता टाकलं तर घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली, म्हणजे एक आणा. मैत्रीण आता साताऱ्याला सासरी गेलीय, तिच्याकडे अर्धा आणाही नाही. तिने मोडीत पत्ता घातला आणि धाकट्या दिराला खाऊ देऊन पत्र नॉटपेड धाडलं. भर दुपारी टपालवाला दारात. पैसे द्या, नाहीतर पत्र परत. आजवर सासूबाईंना विचारल्याशिवाय हिने घरातली कवडी कुणाला दिलेली नाही. कनवटीला भाऊबिजेचा एक आणा आहे. गाठ घट्ट बसलीय, ओल्या बोटांनी सुटत नाही, आणि टपालवाला मोठ्याने विचारतोय, "घ्यायचंय ना?" ती दाताने गाठ सोडते.

एवढंच. माझ्या कथेतला सगळ्यात धीट क्षण तोच आहे आणि त्यात ती एक शब्द बोलत नाही.

हे पान मी चार वेळा लिहिलं. अजून एक अडलंय, पत्र ती लपवते कुठे? मडक्यांच्या उतरंडीत तळाच्या मडक्यात, असं लिहिलं होतं. पण उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी सासूबाई ती उतरंड स्वतःच्या हाताने उतरवतात. पाचवा खर्डा त्या दिवसापासून सुरू करतेय.