दोन ‘च’, आणि ‘ङ’ एकही नाही: भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्रात शिरणाऱ्यांसाठी

स्वन, स्वनिम, स्वनांतर, घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण या व्याख्या तुम्हाला येतात असं धरून चालते. येत नसतील तर ते एका संध्याकाळचं काम आहे, घाबरू नका. तोवर एवढं पुरे: स्वन म्हणजे उच्चारलेला ध्वनी, स्वनिम म्हणजे अर्थ बदलू शकणारा ध्वनी, स्वनांतरं म्हणजे एकाच स्वनिमाचे वेगवेगळे उच्चार; घोष ध्वनीत गळ्यात कंप असतो, महाप्राणात हवेचा जास्त झोत. व्याख्यांवरून या पेपरात फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते पुढे, ‘दिलेल्या सामग्रीवरून हे दोन स्वनिम आहेत की एकाच स्वनिमाची स्वनांतरं, ते दाखवा’ असा प्रश्न आला की. माझंही तिथेच अडलं होतं. अनोळखी भाषेची सामग्री समोर आली की आजही आधी पोटात गोळा येतो, मग पेन चालतं. त्यामुळे वरच्या पायरीवरून कुणी उपदेश करतंय असं समजू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं, पुस्तकं इंग्रजीत म्हणजे आपण मागे. पण अर्धा अभ्यास तुमचा पहिलीतच झालाय. क ते म ही पंचवीस व्यंजनं पाच ओळींत लिहून काढा. आडव्या ओळी उच्चारस्थानाच्या: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. उभे रकाने पाहा: पहिला अघोष अल्पप्राण, दुसरा अघोष महाप्राण, तिसरा घोष अल्पप्राण, चौथा घोष महाप्राण, पाचवा अनुनासिक. १८८६ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संघटनेचा आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) तक्ता उघडलात तर त्यातही स्थान एका बाजूला आणि प्रयत्न, म्हणजे हवा कशी अडवली ते, दुसऱ्या बाजूला, हीच मांडणी दिसेल. दोन दुरुस्त्या मात्र करून घ्या. क-वर्गाला आपण कंठ्य म्हणतो, पण तिथे जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो, म्हणून मृदुतालव्य लिहा. आणि मराठीतला च-वर्ग निव्वळ स्पर्श, म्हणजे हवा पूर्ण अडवून सोडलेला ध्वनी, नाही. त्याची सुरुवात स्पर्शाची आणि सुटका घर्षणाची असते, म्हणून तो स्पर्शसंघर्षी.

आता याच वर्णमालेपासून सांभाळा.

लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की एक अक्षर म्हणजे एक ध्वनी, आणि ‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर तपासणारा तिथेच लाल पेन उचलेल. वर्णमालेत ‘ङ’ आणि ‘ञ’ आहेत. मराठीत ते स्वनिम आहेत का? ‘ङ’ तोंडात येतो तो ‘अंग’, ‘पंख’ अशा ठिकाणी, पुढे क-वर्ग असला की. पुढचं व्यंजन त्याला आपल्या जागी ओढून घेतं. त्याच्यामुळे अर्थ बदलला, अशी मराठी शब्दांची जोडी शोधून पाहा. ‘वाङ्मय’सारखा संस्कृतातला शब्द मिळेल, जोडी मिळणार नाही. ‘ष’चंही तेच. बहुतेकांच्या बोलण्यात ‘ष’ आणि ‘श’ एकच आहेत. उलट बाजूने पाहिलं तर ‘च’ हे अक्षर एक आणि ध्वनी दोन. ‘चिमणी’तला तालव्य, ‘चमकणं’मधला दंततालव्य. काही पुस्तकं दुसऱ्याला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, देतात, मीही इथे तसाच देते: च़. ‘ज’ आणि ‘झ’चीही तीच गत.

आता हे दोन ‘च’ स्वनिम की स्वनांतरं? इथे सावकाश चला, सगळा खड्डा याच ठिकाणी आहे.

समजा प्रश्नात ही सामग्री दिली: घराचा, घराची, घराचे, माझा, माझी, माझे. बोलून पाहा. ‘घराचा’मध्ये च़, ‘घराची’ आणि ‘घराचे’मध्ये च. ‘माझा’मध्ये झ़, ‘माझी’मध्ये झ. प्रत्यय एकच, सर्वनाम एकच, फक्त पुढचा स्वर बदलला आणि उच्चार बदलला. ई-एच्या आधी तालव्य, आ-च्या आधी दंततालव्य. एक जिथे येतो तिथे दुसरा येत नाही. वर्गात नुकतंच शिकवलेलं असतं, पूरक विनियोग असला की स्वनांतरं. मुलं आनंदाने लिहून मोकळी होतात: एक स्वनिम, दोन स्वनांतरं.

दुसरी सामग्री घ्या. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘ज़ग’ म्हणजे ‘जगणं’चं आज्ञार्थी रूप. ‘चार’ म्हणजे तीन अधिक एक, आणि ‘गुरं च़ार’ मधलं च़ार. स्वर तेच, पुढचं व्यंजन तेच, ध्वनी एकच बदलला आणि अर्थ बदलला. म्हणजे ही मिनिमल पेअर, आणि म्हणजे दोन वेगळे स्वनिम. ‘जग’ संस्कृतातून आलाय, तो धरू नका, असं कुणी म्हणेल. ‘चार’ तद्भव आहे, त्याचं काय करणार? शिवाय शब्द कुठून आला हा इतिहासाचा प्रश्न झाला. आज मराठी बोलणाऱ्याच्या तोंडात दोन्ही आहेत आणि तो त्यांत गफलत करत नाही, एवढंच इथे मोजायचं.

मग पहिली सामग्री खोटी होती का? अजिबात नाही. अ, आ, उ, ओ यांच्याआधी हे दोन्ही ध्वनी येऊ शकतात, तिथे भेद जिवंत आहे. ई-एच्या आधी प्रमाण मराठीत फक्त तालव्यच येतो, तिथे भेद मिटतो. एका परिसरात भेद आणि दुसऱ्यात भेद मिटलेला, अशा अवस्थेतही स्वनिम दोनच राहतात. दोघे एकदा जरी एकाच जागी उभे राहून अर्थ बदलताना सापडले, तर पूरक विनियोगाची शंभर उदाहरणं आणलीत तरी ते एक होत नाहीत. म्हणून पूरक विनियोग दिसताच उत्तर लिहायला धावू नका. आधी मिनिमल पेअर शोधा. दिलेल्या सामग्रीत ती नसेल तर ‘या सामग्रीपुरतं’ असे शब्द घाला. त्या दोन शब्दांनी गुण वाचतात.

आणि हेच दोन ध्वनी तेलुगूत नेले की उत्तर उलटं येतं. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे पुस्तकात शोधायची गरज नाही. आमच्या शेजारच्या आजी नातवाला भात वाढायच्या आणि तो ताटावर हात आडवा धरून ‘च़ालु, च़ालु’ म्हणायचा. पुरे, पुरे. तोच पोरगा धाकट्याला ‘चिन्ना’ म्हणायचा आणि झाडाला ‘चेट्टु’, दोन्हींत स्वच्छ तालव्य च. तेलुगूच्या मूळ शब्दांत कुठला च येणार हे पुढचा स्वर ठरवतो: इ-एच्या आधी तालव्य, बाकीच्यांआधी दंततालव्य. अर्थ बदलण्याचं काम तिथे ते करत नाहीत, म्हणून स्वनांतरं. गल्ली एक, ध्वनी तेच, पण मराठीत स्वनिम दोन आणि तेलुगूत एक. त्यामुळे ‘च़ हा स्वनिम आहे का?’ असा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या भाषेत, हे विचारल्याशिवाय उत्तर द्यायला बसू नका. कुठल्याही गाइडमधल्या इंग्रजी ‘पिन-स्पिन’च्या ठरावीक उदाहरणापेक्षा मला हे त्या ताटावरून जास्त कळलं. अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरात कन्नड असते, कुणाच्या घरात दखनी. सोलापूरकरांनी याची लाज बाळगायचं कारण नाही. पुण्यातल्या मुलांना जी सामग्री छापील मिळते ती तुमच्या ओट्यावर बसलेली असते.

लिपी किती लपवते त्याचा आणखी एक नमुना. ‘घसा’चं सामान्यरूप ‘घशा’, ‘ससा’चं ‘सशा’, ‘पैसा’चं ‘पैशा’. स-चा श झाला, अक्षर बदललं, सगळ्यांना दिसतं. आता ‘दरवाजा’ घ्या. शुद्धलेखनाचा नियम सांगतो ‘दरवाजाला’ लिहा. पण बोलून बघा: ‘दरवाज़ा’ म्हणताना दंततालव्य, ‘दरवाजाला’ म्हणताना जीभ मागे सरकून तालव्य. ‘मोज़ा’ आणि ‘मोजात’ तसंच. घशात जे घडलं तेच दारातही घडलं. स आणि श यांना वेगळी अक्षरं आहेत म्हणून एक बदल कागदावर उमटला, ज़ आणि ज यांना एकच अक्षर आहे म्हणून दुसरा झाकला गेला. रूपस्वनिमविचारावर, म्हणजे शब्दाचं रूप बदलताना ध्वनी कसे बदलतात यावर, टीप लिहायची वेळ आली तर हे दोन शेजारी ठेवा. लिहिलेल्या शब्दावरून विश्लेषण करणारा यातला अर्धा भाग कायम चुकवणार.

अक्षरं नंतर येतात, भेद आधी असतो, हे स्वरांतही दिसतं. ‘बेट’ आणि ‘बॅट’, ‘बोल’ आणि ‘बॉल’ हा फरक लोक कधीपासून करतायत. शासनाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले ते २००९ च्या निर्णयाने.

स्वनविज्ञानाचा, म्हणजे प्रत्यक्ष उच्चाराचा भाग तुलनेने सोपा. फक्त एक प्रयोग सगळे चुकीचा शिकवतात. गळ्यावर बोटं ठेवा, ‘ब’ म्हणा, कंप जाणवतो, ‘प’ म्हणा, जाणवत नाही. करून पाहिलंय? ‘प’लाही जाणवतो, कारण आपण ‘प’ म्हणतो तेव्हा मागे ‘अ’ असतो आणि स्वर घोषच असतो. मग मुलं स्वतःच्या गळ्यावर अविश्वास दाखवून पुस्तकावर विश्वास ठेवतात. त्याऐवजी ‘स्स्स्’ आणि ‘म्म्म्’ लांबवा, फरक लगेच कळेल. प-ब साठी ‘आप’ आणि ‘आब’ म्हणून शेवटी ओठ न उघडता थांबा. महाप्राणासाठी तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरा, ‘पळ’ आणि ‘फळ’ म्हणा. इथे ‘फळ’ दोन्ही ओठ मिटून म्हणा. वरचे दात खालच्या ओठाला लावून म्हटलंत तर तो घर्षक झाला. मराठीत हे दोन्ही फ चालतात, अर्थ बदलत नाही. मुक्त विनियोगाचं उदाहरण म्हणून ठेवून द्या.

‘भ’ म्हणजे ‘ब’ अधिक हवा, असं समजू नका. ‘फ’मध्ये ओठ उघडल्यावर थोडा वेळ नुसती हवा जाते आणि मग स्वरतंतू कंप पावू लागतात. ‘भ’मध्ये कंप आधीपासूनच चालू असतो, ओठ उघडल्यावर तो श्वासमिश्रित होतो. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतल्या स्पर्शांचं मोजमाप प्रसिद्ध केलं, स्पर्श सुटल्यापासून कंप सुरू होईपर्यंतच्या वेळाचं. त्यांत मराठीही होती. त्या एका मापाने प, फ, ब वेगळे पडले, ब आणि भ पडले नाहीत. एका मापात न बसलेली भाषा म्हणून आपली मराठी तिथे पोचली, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

न आणि ण बद्दल थोडक्यात. ‘मान’ आणि ‘माण’, एक गळ्यावरची, दुसरी सांगोला-मंगळवेढ्याकडून वाहणारी नदी. मिनिमल पेअर झाली. पण ‘पानी’, ‘आनि’ म्हणणाऱ्याच्या बोलीत हा भेद नसेलही, आणि तसं असेल तर त्या बोलीपुरता एकच स्वनिम. उत्तरात ‘अशुद्ध उच्चार’ हा शब्द लिहाल तर तुम्ही अजून व्याकरणाच्या तासालाच बसलेले आहात. भाषाविज्ञानात बोली सदोष नसते. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, विषयाचा पायाच तो आहे.

आता शॉर्टकट. तक्ते पाठ करून बहुपर्यायी प्रश्न सुटतात, हे खरं. यूजीसीच्या नेट परीक्षेला दीडशे प्रश्नांत तीन तास असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे ठोकताळ्यानेही काही गुण पडतात. पण सामग्रीचा प्रश्न आला की गाइड गप्प. दोन गाइडांत पारिभाषिक शब्दही जुळत नाहीत. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जो शब्द आहे तो धरा आणि उत्तरभर तोच वापरा. गुरूबद्दल विचाराल तर माझी कसोटी एकच: ते स्वतः तोंडाने ध्वनी काढून दाखवतात का? मला वर्षभर फळ्यावर मुखाचा उभा छेद काढून देणारे सर भेटले. चित्र सुरेख असायचं. मूर्धन्य आणि दंत्य यांतला फरक एकदाही ऐकवला नाही. असे भेटले तर भांडू नका, चित्र उतरवून घ्या आणि ध्वनी घरी येऊन काढा. डॉ. अशोक केळकरांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्याच स्वनिम-रूपव्यवस्थेवर पीएच.डी. केली होती. मराठीत करण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हटलं की हे ऐकवा.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडतील. पडू देत. कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तो पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीलाही लागतो, ती बोलत नाही इतकंच.

प्राट नावाचं, आवाजाचा आलेख पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. साध्या लॅपटॉपवर चालतं. मोबाइलवर ‘जग’ आणि ‘ज़ग’ रेकॉर्ड करा, शक्यतो डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, आणि त्यात उघडा. नुसते शब्द म्हणवून घेऊ नका, माणूस सावध होतो, ‘मी... म्हणालो’ अशा एकाच वाक्यात घालून म्हणवून घ्या. पंखा बंद ठेवा. घराशेजारी यंत्रमाग असेल तर माग बंद होईपर्यंत थांबा, नाहीतर पडद्यावर ब आणि भ दोन्हींच्या तळाशी धोट्याचे ठोके दिसतात आणि तुम्ही त्यांनाच घोषत्व समजता.