एम५१ उलटी दिसतीये? फिट्स फोटो सरळ कसा लावायचा

एम५१ या दीर्घिकेचा फोटो फिट्समध्ये (खगोलशास्त्रातलं फोटोचं फॉरमॅट) घेतला, प्लेट सॉल्व्ह केला (म्हणजे ताऱ्यांवरून फोटो आकाशात नेमका कुठला ते सॉफ्टवेअरने ओळखलं), उघडला तर तिची छोटी जोडीदार एनजीसी ५१९५ खाली लोंबकळतीये. ती मोठीच्या उत्तरेला आहे, म्हणजे वर पाहिजे. पण लगेच १८० डिग्री फिरवू नका, आधी बघा फोटो नुसता फिरलाय की आरशातल्यासारखा उलटलाय, कारण आरशातला फोटो कितीही गरागरा फिरवला तरी सरळ होत नाही, तो फ्लिपच करावा लागतो.

नियम एवढाच की उत्तर वर, पूर्व डावीकडे. हो, नकाशाच्या उलट. पटत नसेल तर गच्चीवर उत्तरेकडे डोकं करून उताणे पडा, पूर्व डाव्या हाताला येते.

डीएस९ मध्ये (फिट्स फोटो बघायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडली की छोट्या पॅनर खिडकीत एन (उत्तर) आणि ई (पूर्व) असे दोन बाण दिसतात (हेडरमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या भागात, डब्ल्यूसीएस म्हणजे कुठला पिक्सेल आकाशात कुठे हे लिहिलेलं असेल तरच, म्हणून प्लेट सॉल्व्ह आधी). एनपासून घड्याळाच्या उलट्या दिशेने ९० डिग्रीवर ई असेल तर फोटो फक्त फिरलाय. घड्याळाच्या दिशेने असेल तर आरसा. मग झूम मेनूत जाऊन अलाइन करा, दोन्ही एकदम ठीक होतं. हातानेच करायचं असेल तर त्याच मेनूत इन्व्हर्ट एक्स आणि ९०, १८०, २७० डिग्री आहेत.

हे सगळं फक्त स्क्रीनवर, फाइलला धक्का लागत नाही, आणि तेच बरंय. कारण पिक्सेलच फ्लिप करून सेव्ह केले आणि हेडर जुनंच राहिलं, तर कर्सर एका ताऱ्यावर आणि कोऑर्डिनेट भलत्याच जागेचे.

पायथनवाल्यांनो, फिट्सची पहिली ओळ खाली असते आणि मॅटप्लॉटलिबचं (आलेख-चित्रं काढायची लायब्ररी) इमशो ती वर लावतं. म्हणून ओरिजिन लोअर द्यायचंच. मी ते विसरलो आणि अख्खी संध्याकाळ टेलिस्कोपचे आरसे तपासत बसलो, बिचाऱ्या न्यूटोनियनची काहीच चूक नव्हती. त्यात दोन आरसे असतात त्यामुळे फोटो फिरतो पण मिरर होत नाही, मिरर करतो तो रिफ्रॅक्टरला (भिंगांच्या टेलिस्कोपला) लावलेला डायगोनल (काटकोनात वळवणारा आरसा), कारण आरसा एकच. आणि मध्यरात्री मेरिडियन फ्लिप (तारा उत्तर-दक्षिण रेषा ओलांडताना माउंट टेलिस्कोप दुसऱ्या बाजूला वळवतो तो) झाला असेल तर त्यानंतरचे फोटो १८० डिग्री फिरलेले येणारच, ते फक्त फिरवा.